मातेच्या हृदयाची राखण

कोल्हापूर दरबारानें १८८६ सालीं आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. नेमणूक झाली तेव्हां त्या बाई अमेरिकेंत होत्या. त्याच वर्षाच्या ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम्. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली होती, आणि त्यांचें वय अवघें वीस-एकवीस वर्षांचें होतें. त्यांचें नांव डॉ. आनंदीबाई जोशी. नोव्हेंबर महिन्यांत त्या मायदेशीं परतल्या त्या क्षयानें खंगलेल्या अवस्थेंत. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांना एक दिवसहि काम करतां आलें नाहीं.

ह्या कथेचा करुण भाग महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग मात्र फारसा बोलला जात नाहीं. रुग्णालयाची इमारत उभी राहिली, परंतु पडद्यांतील वा शेतावरील स्त्री त्या इमारतीची पायरी चढावी कशी, हा प्रश्न दरबारापुढें होता. आणि त्याचें उत्तर दरबारानें एका शिकलेल्या स्त्रीच्या रूपानें शोधलें. गरोदर स्त्रीच्या जवळ वेळेवर पोहोंचणारें जाणतें माणूस हेंच तिच्या जिवाचें पहिलें संरक्षण, हा विचार त्या नेमणुकींत होता. मातेच्या हृदयाचें आरोग्य ह्या विषयाकडे पाहिलें म्हणजे ह्या विचाराची सत्यता जितकी पटते, तितकी दुसऱ्या कोणत्याहि विषयांत पटत नाहीं.

आनंदीबाईंचा कोल्हापूरशीं संबंध त्याआधींचा होता. त्यांचे पति गोपाळराव हे टपालखात्यांत नोकरीस असून बदली होऊन कोल्हापुरास आले होते. येथूनच १८७८ सालीं त्यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकन मिशनऱ्यांशीं पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला, आणि १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिसिया कार्पेंटर ह्या बाईंच्या वाचनांत आला. पुढचें सारें साहाय्य त्या एका वाचनांतून उगवलें. वयाच्या चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस पुत्र झाला होता व दहा दिवसांतच तो गेला होता. हिंदी स्त्रिया आपलें दुखणें पुरुष डॉक्टरपुढें उघड करण्यास संकोचतात, म्हणून ह्या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, असें त्यांनीं १८८३ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें जाहीर भाषणांत सांगितलें. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, तोहि हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर होता.

त्या काळीं बाळंतपणांत स्त्री दगावली तर तिच्या मृत्यूचीं कारणें डोळ्यांना दिसण्यासारखीं असत. अतिरक्तस्राव, अडलेलें मूल, झटके, आणि बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं चढणारा ताप, हीं तीं कारणें होत. व्हिएन्ना येथें सेमेलवाइस ह्या डॉक्टरानें १८४७ सालीं क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती करून त्या तापाचे बळी एकदम कमी करून दाखविले होते; परंतु ती शिकवण सुइणींच्या हातांपर्यंत पोहोंचण्यास पुढें कितीतरी वर्षें लागलीं. ज्या स्त्रीच्या बाबतींत ह्यांपैकीं कांहींच दिसत नसे, आणि तरीहि जी आठवा महिना लागतां लागतां धापा टाकूं लागे किंवा सुखरूप बाळंत होऊन दहाव्या दिवशीं उठून बसण्यासहि असमर्थ होई, तिच्याविषयीं सुवारोग झाला, बाधा झाली, अंगांत त्राण उरलें नाहीं, असें म्हणून लोक गप्प बसत. हृदयाचें नांव कोणी घेत नसे.

वस्तुतः गरोदरपण ही हृदयाची कसोटी होय. ह्या काळांत शरीरांतील रक्ताचें प्रमाण सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतें, आणि हृदयाला दर मिनिटास नेहमीपेक्षां ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढें ढकलावें लागतें. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास हा भार शिगेला पोहोंचतो. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या कीं तो आणखी वाढतो. आणि मूल जन्मतांच गर्भाशय आकुंचन पावून त्यांतील रक्त एकाएकीं हृदयाकडे परत फिरतें. म्हणून ज्या घटकेला घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात, तीच घटका दुबळ्या हृदयाला सर्वांत कठीण असते. निरोगी हृदय हें ओझें सहज पेलतें. ज्याची झडप अरुंद झाली आहे, ज्याला रक्तक्षयामुळें आधींच दुप्पट राबावें लागत आहे, किंवा ज्याचे स्नायू ऐन बाळंतपणाच्या सुमारास शिथिल होतात, तें हृदय मात्र त्याखालीं वांकतें.

झडप अरुंद होण्याचें कारण आपल्या देशांत बहुधा बालपणांत दडलेलें असतें. पांच ते पंधरा वर्षांच्या वयांत मुलीचा घसा दुखतो, ताप येतो व जातो. कांहीं आठवड्यांनीं गुडघे, घोटे, कोपरें आळीपाळीनें सुजतात. हा संधिज्वर सांधे सोडून जातो, पण हृदयाला डसून जातो. मुलगी वाढते, तिचें लग्न होतें, आणि पहिल्या गरोदरपणींच त्या जुन्या जखमेची आठवण हृदयाला होते. दाटीच्या घरांतून व अपुऱ्या उपचारांतून हा रोग बळावतो. पाश्चात्त्य देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. हिंदुस्थानांत मात्र गरोदर स्त्रियांतील हृदयविकारांचें तें आजहि एक प्रमुख कारण आहे.

हृदयाचे रोगी ओळखण्याचें शास्त्रहि ह्याच शतकभरांत वाढलें. लंडनचे प्रसिद्ध हृदयतज्ज्ञ सर जेम्स मॅकेंझी ह्यांनीं १९२१ सालीं हृदयरोग व गरोदरपण ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. छातीवर नळी लावून ऐकूं येणाऱ्या आवाजापेक्षां तें हृदय किती श्रम सोसूं शकतें ह्याला अधिक महत्त्व द्यावें, ही त्यांच्या शिकवणुकीची दिशा होती. पुढें १९२८ सालीं न्यूयॉर्क येथील हृदयरोग संघटनेनें रोग्यांचे चार वर्ग ठरविले, तेहि ह्याच पायावर. नेहमींचीं कामें करून धाप लागत नाहीं तो पहिला वर्ग. नेहमींच्या कामानें लागते तो दुसरा. थोड्याशा हालचालीनेंहि लागते तो तिसरा. आणि बसल्या जागीं लागते तो चौथा. जगांतील मोठमोठ्या रुग्णालयांत आजहि हे वर्ग चालतात. हा प्रश्न विचारावयास यंत्र लागत नाहीं. पाण्याची घागर उचलून आणतांना मध्यें थांबावें लागतें काय, रात्रीं सपाट निजतां येतें कीं उशीला टेकून बसावें लागतें, एवढें विचारणारें जाणतें माणूस दारीं आलें, तर निम्मी परीक्षा झालीच.

असें माणूस तयार करण्याचे प्रयत्न ह्या देशांत आनंदीबाईंच्या काळींच सुरू झाले. १८८५ सालीं लेडी डफरिन ह्यांच्या पुढाकारानें जो निधि स्थापन झाला, त्याचे उद्देश तीन होते: स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणें, स्त्रियांसाठीं दवाखाने चालविणें, आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी पुरविणें. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांच्या हातीं १८९४ सालीं राज्यकारभार आला आणि स्त्रीशिक्षणाला राजाश्रय लाभला. मुलींच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या रखमाबाई केळवकर ह्यांच्या कन्या कृष्णाबाई ह्यांना महाराजांनीं वैद्यकीय शिक्षणासाठीं साहाय्य दिलें, आणि शिक्षण पुरें झाल्यावर त्याच अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांना काम दिलें. आनंदीबाईंसाठीं योजिलेली जागा अशा रीतीनें दुसऱ्या मराठी स्त्रीच्या सेवेनें सार्थ झाली. आईनें शाळा पाहाव्या आणि लेकीनें रुग्णालय पाहावें, ह्या योगायोगांत मातांच्या आरोग्याचीं दोन्ही अंगें एकत्र आलीं आहेत.

पुण्यास १९०९ सालीं सेवासदन निघालें. रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेथून पुष्कळ विधवा व गरीब स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकावयास जाऊं लागल्या. चांगल्या घरच्या स्त्रीनें परक्याची शुश्रूषा करणें लोकांना त्या वेळीं रुचत नव्हतें. तरी त्या गेल्या. १९०३ सालीं लेडी कर्झन ह्यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधि जमवून गांवच्या सुइणींना शिकविण्याची योजना आखली. ह्या योजनेला यश आलें तें फार मर्यादित. बाळंतपण म्हणजे विटाळाचें काम, तें करणारी सुईण खालच्या मानलेल्या जातीची, तिला मिळणारा मोबदला म्हणजे थोडें धान्य व एखादें जुनेर. अशा स्त्रीला चार महिने वर्गांत बसविण्यानें तिची प्रतिष्ठा वाढत नव्हती आणि पोटहि भरत नव्हतें. विद्या दिली, पण विद्येला मान व वेतन दिलें नाहीं, तर ती टिकत नाहीं, हा त्या प्रयोगाचा धडा होय. तो धडा जुना झालेला नाहीं.

रक्तक्षय आणि हृदय ह्यांचा संबंध स्पष्ट होण्यास मुंबईनें मोठा हातभार लावला. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक तीव्र प्रकारचा रक्तक्षय आढळे व त्यांतील कितीतरी स्त्रिया दगावत. हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेंत आयुष्य घालविलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर ह्यांच्या निमंत्रणावरून ल्यूसी विल्स ह्या संशोधिका १९२८ सालीं ह्या कामासाठीं मुंबईस आल्या. रोगजंतूंचा शोध घेतां घेतां त्यांचें लक्ष ह्या स्त्रियांच्या ताटाकडे वळलें. पुरेशी भाजी, फळें, दूध ज्यांच्या पोटांत जात नाहीं, त्यांनाच हा रोग अधिक होतो, असें त्यांना दिसलें. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तें फोलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. आज गांवोगांवीं गरोदर स्त्रीच्या हातावर लोहाची व फोलिक आम्लाची जी गोळी पडते, तिचा एक धागा मुंबईच्या गिरणगांवांतून निघालेला आहे.

त्याच मुंबईंत कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड ह्यांनीं शहरांतील मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर पाहणी केली, आणि ती १९४१ सालीं प्रसिद्ध झाली. झिराड ह्या बेने इस्रायल समाजांतील. त्यांचें शिक्षण पुण्या-मुंबईस झालें होतें. बाळंतीण गेली म्हणून हळहळून न थांबतां ती कां गेली, केव्हां गेली, आणि कोणत्या टप्प्यावर तिला वांचवितां आलें असतें, हें विचारण्याची संवय त्या पाहणीनें लावली. रक्तक्षयाचें स्थान ह्या विचारांत महत्त्वाचें होतें. रक्त पातळ झालें कीं तोच प्राणवायु पोंचविण्यास हृदयाला अधिक वेळां धडकावें लागतें. ऐन प्रसूतींत थोडाहि रक्तस्राव झाला तर असें दमलेलें हृदय हार खातें. मृत्यूच्या दाखल्यावर मग रक्तस्राव लिहिला जातो, आणि हृदयाची बाजू पुन्हां अंधारांत राहते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ सालीं, सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीनें देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला. बाळंतपणामुळें दरवर्षीं सुमारें दोन लाख स्त्रिया प्राणास मुकतात, असा समितीचा अंदाज होता. साऱ्या देशांत शिकलेल्या सुइणी सुमारें ५,००० होत्या. समितीच्या मतें त्या एक लाख असावयास हव्या होत्या. औषधांची वाण होतीच, पण माणसांची त्याहून मोठी होती. पुढें १९५२ पासून सामूहिक विकास योजनेंतून प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं, सहायक परिचारिका-प्रसाविका शिकून गांवांत जाऊं लागल्या. आणि २००५ सालीं ग्रामीण आरोग्य अभियानानें दर हजार वस्तीमागें ‘आशा’ ही गांवांतलीच कार्यकर्ती नेमली.

ह्या साऱ्या परिश्रमांचें फळ आंकड्यांत दिसतें. २००४-०६ ह्या काळांत महाराष्ट्रांत दर लाख जिवंत जन्मांमागें १३० माता मृत्यु पावत होत्या. २०१८-२० ह्या काळांत हा आंकडा ३३ वर आला. सबंध देशाचा आंकडा ह्याच अवधींत २५४ वरून ९७ वर उतरला. हें यश लहान नव्हे. परंतु याच ठिकाणीं विषयाला नवें वळण मिळतें. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अडलेलें बाळंतपण हीं जुनीं कारणें जसजशीं मागें हटतात, तसतसें त्यांच्या आड लपलेलें हृदयाचें कारण उघडें पडतें. ब्रिटनमध्यें १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होत आली आहे. ह्या शतकाच्या आरंभापासून अनेक वर्षें त्या देशांत मातामृत्यूच्या कारणांत हृदयविकार अग्रस्थानीं राहिला. आणि पुष्कळ प्रकरणांत असें आढळलें कीं ती स्त्री आधीं कोणाकडे तरी धाप लागते, छातींत दुखतें, अशी तक्रार घेऊन गेली होती. गरोदरपणांत असें व्हावयाचेंच, म्हणून तिला परत पाठविण्यांत आलें होतें. यंत्रें, औषधें, तज्ज्ञ हीं सर्व जेथें उपलब्ध, तेथें ही स्थिति. उणीव होती ती ऐकणाऱ्या कानाची.

महाराष्ट्रांतील संसारांत ह्या उणिवेला आणखी दोन कारणें आहेत, आणि तीं रुढींतून आलेलीं आहेत. पहिलें म्हणजे माहेरचें बाळंतपण. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यांत माहेरीं जाते. तिला तेथें विश्रांति व प्रेम मिळतें, हें खरें. पण जिनें सहा महिने तिची नाडी पाहिली, जिला तिच्या चालण्यांतला फरक कळला असता, ती परिचारिका सासरच्या गांवीं राहते. आणि हृदयावरचा भार शिगेला पोहोंचतो त्याच वेळीं स्त्री अनोळखी नजरेखालीं येते. तिच्याबरोबर लुगडीं-चोळ्या जातात, तपासणीचें पुस्तक पुष्कळदां जात नाहीं.

दुसरें कारण सव्वा महिन्याचें. बाळंतीण सव्वा महिना खोलींत राहते, तिला शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, आणि घरांत येणाऱ्या-जाणाऱ्याचें लक्ष बाळाकडे असतें. प्रसूतीच्या शेवटच्या महिन्यापासून पुढील पांच महिन्यांपर्यंत हृदयाचे स्नायू शिथिल होण्याचा एक विकार कांहीं स्त्रियांना होतो. आधीं पूर्ण निरोगी असलेल्या स्त्रीलाहि तो होऊं शकतो. म्हणजे तपासण्या संपल्या, टांके सुकले, सर्व निश्चिंत झाले, त्याच काळांत तो येतो. पाय सुजले तर बसून बसून सुजले, खोकला झाला तर गारवा लागला, दम लागला तर अशक्तपणा आहे, असा अर्थ लावला जातो. आणि सोसणें हेंच शील मानणारी सून तें अंगावर काढते.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत, नायजेरियांतील झारिया ह्या शहरांत बाळंतिणीला कित्येक आठवडे तापविलेल्या मातीच्या पलंगावर निजविण्याची व कनवा नांवाचें क्षारयुक्त मीठ भरपूर खाऊं घालण्याची चाल होती. १९७० च्या दशकांत तेथील डॉक्टरांना प्रसूतीनंतर हृदय दुबळें होऊन सूज आलेल्या स्त्रिया विलक्षण संख्येनें दिसूं लागल्या, व त्यांनीं ह्या चालीकडे बोट दाखविलें. मूळ कारण कोणतें ह्याविषयीं पुढें विद्वानांत मतभेद झाले. परंतु एक गोष्ट निर्विवाद ठरली: बाळंतिणीच्या खोलींत काय चालतें हें पाहिल्यावांचून तिच्या हृदयाचा विचार पुरा होत नाहीं. मराठी घरांतील शेगडी म्हणजे झारियाचा पलंग नव्हे. तथापि त्या खोलीचा दरवाजा डॉक्टराला बंद आणि सासूला, आईला, आशाताईला उघडा असतो, हें दोन्हीकडे सारखेंच. म्हणून शिक्षण द्यावयाचें तें ह्या तिघींना.

कोल्हापूर जिल्ह्याच्या भूगोलानेंहि हीच गोष्ट सांगितली आहे. पूर्वेकडचे तालुके सपाट व सुखवस्तु. पश्चिमेस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड येथें सह्याद्रीची चढण आणि मुसळधार पाऊस. ऐन भातलावणीच्या दिवसांत ओढे भरून वाहतात. २०१९ व २०२१ सालच्या पुरांनीं तर महामार्गसुद्धां बंद पाडला होता. शहरांतील जुनें अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून जिल्ह्याची सेवा करतें व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेलें आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०११ च्या योजनेनें सरकारी रुग्णालयांत बाळंतपण व त्यासाठींची वाहतूक विनामूल्य झाली. पण वाडीवरून रुग्णवाहिकेला हांक कोणी व केव्हां मारावयाची, हें ठरविणारी व्यक्ति वाडींतच असावी लागते. हृदयाच्या दुखण्यांत तर हांक मारण्याची खरी वेळ आठ-पंधरा दिवस आधींची असते. लावणीच्या चिखलांत इतर बायांच्या मागें पडणारी गरोदर बाई पाऊस लागण्यापूर्वींच शहरांत पोहोंचली, तर पूर तिच्या वाटेंत येत नाहीं.

शिकवावयाचें तें तरी किती? धाप, सूज, थकवा हीं निरोगी गरोदरपणांतहि थोडींफार असतात; म्हणून भेद कळणें हेंच मुख्य शिक्षण. जिना चढतांना दम लागणें निराळें आणि निजल्यावर दम लागून उठून बसणें निराळें. संध्याकाळीं घोटे सुजणें निराळें आणि सकाळीं तोंड व हात सुजलेले असणें निराळें. रात्रीं न थांबणारा खोकला, छातींत दुखणें, छातींत एकसारखी धडधड, घेरी येऊन पडणें, स्वस्थ बसलें असतांहि जलद चालणारी नाडी, १४० वर ९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब: ह्यांपैकीं कोणतेंहि एक लक्षण दिसलें तर तपासणी त्याच दिवशीं व्हावी. लहानपणीं सांधे सुजून ताप आला होता काय, हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारला जावा. रक्तदाब मोजण्याचें साधन, रक्ताचा थेंब तपासण्याची सोय, नाडी मोजणारें घड्याळ, एवढ्या सामग्रीवर हें काम चालतें. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशीं कोणाला आग्रहानें न्यावयाचें, हें दारोदार जाणाऱ्या स्त्रीला आधींच ठाऊक असेल, तर त्या तारखेचें चीज होतें. २०१८ सालीं प्रसाविका-परिचारिकांसाठीं अठरा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम देशांत आखला गेला. सुइणीला विद्येबरोबर दर्जा देण्याचा हा विचार, १९०३ सालीं जें राहून गेलें तें पुरें करण्याच्या दिशेचा आहे. आशाताईला मात्र अद्याप पगाराऐवजीं मानधनावरच काम करावें लागतें, आणि तिच्यावरील कामें दरवर्षीं वाढत आहेत.

ह्या शिक्षणाचा लाभ बाळंतपणापुरता नाहीं. गरोदरपणीं रक्तदाब वाढून ज्या स्त्रीला त्रास झाला, तिला पुढील आयुष्यांत हृदयविकार होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारें दुप्पट असतो. मूल सुखरूप झालें, आतां काय, म्हणून ती पुस्तिका फेंकून दिली जाते. वस्तुतः ती त्या स्त्रीची पुढील पन्नास वर्षांची सूचना होय. तसेंच शाळेंतील शिक्षिकेनें घसा दुखून तापलेल्या मुलीला वेळेवर दवाखान्यांत धाडलें, आणि संधिज्वर झालेल्या मुलीला ठराविक दिवसांनीं पेनिसिलिनचीं इंजेक्शनें चुकवूं न देतां मिळालीं, तर दहा वर्षांनंतरचें एक कठीण बाळंतपण त्या शाळेंतच टळतें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां हृदयरोगाचा विचार त्यांच्या मनांत नसेल. तरी ज्या गांवांत मुली शाळेंत जातात, त्या गांवांत आरोग्याचा शब्द लवकर पोहोंचतो, ही गोष्ट त्या धोरणानें शक्य केली.

शहरांतील सुशिक्षित घरें ह्या धोक्यापासून दूर आहेत, असें मात्र कोणी समजूं नये. उशीरा होणारीं लग्नें, पस्तिशीनंतरचीं बाळंतपणें, बैठें काम, वाढलेलें वजन, मधुमेह व रक्तदाब हीं शहरांत अधिक. तेथें दवाखाना कोपऱ्यावर असतो, पण सोसण्याची शिकवण तीच असते. पहाटे तीन वाजतां घरांतली बाळंतीण उशीला टेकून बसलेली दिसली, तर बाळ रडलें म्हणून ती उठली असेल, असें मानून कूस बदलणें सोपें आहे. निजल्यावर दम लागतो काय, एवढा एक प्रश्न त्या वेळीं तिला विचारणें, आणि उत्तर होय असें आलें तर सकाळची वाट न पाहणें, हें प्रत्येक नवऱ्याला, सासूला आणि आईला करतां येण्यासारखें आहे.